पप्पा म्हणतात काउंटरवरचा क्यूआर काढून टाक. सांगलीतल्या दुकानदारांनी काय ठरवलंय?

भडंगवाली_सांगली | २६ जुलै २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गणपती पेठेच्या अलीकडे आमचं भडंग-फरसाणाचं छोटं दुकान आहे. आजोबांनी चुरमुऱ्याच्या एका पोत्यावर सुरू केलेलं. आता पप्पा-मम्मी बघतात, मी नोकरीवरून आले की संध्याकाळी गल्ल्यावर बसते.

आठ दिवस झाले, पप्पांना झोप नाही. कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयचे आकडे काढून जीएसटीच्या नोटिसा आल्या, ती बातमी त्यांना रोज कुणीतरी नव्यानं पाठवतं. परवा रात्री दुकान बंद करताना त्यांनी क्यूआरचा स्टँड उचलून शेवेच्या डब्यामागे ठेवला आणि साउंड बॉक्सची वायर काढली. काल सकाळी पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजचा एक मुलगा. पाव किलो भडंग बांधून झालं, त्यानं फोन पुढे केला. पप्पा म्हणाले, "रोख द्या." त्याच्याकडे नव्हते. पुडी तशीच काउंटरवर ठेवून गेला. मम्मीनं संध्याकाळपर्यंत मोजले, अकरा जण असे परत गेले.

मी बँकेचं स्टेटमेंट काढलं. २०२४-२५ मध्ये दुकानाच्या खात्यात एकूण जमा ४३ लाख १० हजार. जीएसटी नोंदणी नाही. मर्यादा ४० लाखांची म्हणतात. म्हणजे आम्ही वर गेलो का? नोटीस येणार का? आणि क्यूआर काढला तर खरंच काही फरक पडतो का? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. घरात दुसरा विषयच नाही सध्या.

निपाणीकर | २६ जुलै, रात्री ११:१५

ताई, आमच्याकडे काय झालं ते सांगतो, कारण फॉरवर्डमध्ये अर्धंच येतं. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांतले यूपीआयचे आकडे मागवले आणि ज्यांची जमा मर्यादेच्या वर दिसली पण नोंदणी नाही, त्यांना नोटिसा काढल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याच्या नावे चार वर्षांचे १ कोटी ६३ लाख दिसले आणि २९ लाखांची मागणी आली. ताजी भाजी विकणारा माणूस! बेंगळुरूत चहाच्या टपऱ्यांवर "यूपीआय नाही, फक्त रोख" अशा पाट्या लागल्या. २५ तारखेला बंद पुकारला होता. त्याआधी मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांना बोलावून सांगितलं की जुनी थकबाकी वसूल करणार नाही, पण नोंदणी करून घ्या.

आमच्या गावातसुद्धा दोन दिवस निम्म्या दुकानांचे क्यूआर उलटे करून ठेवले होते. मग हळूहळू परत सरळ झाले. गिऱ्हाईक रोख आणतच नाही, करणार काय.

मिरज_मंडई | २६ जुलै, रात्री ११:५०

माझी आई मंडईत भाजी विकते. तिनं काल क्यूआर फाडून टाकला. मी घरी नव्हतो. तिला लिहिता येत नाही, पण मोबाईलवर पैसे आल्याचा आवाज ओळखते. त्या आवाजामुळे तिला कुणी फसवत नव्हतं. पूर्वी गर्दीत "दिले की मावशी" म्हणून न देता जाणारे असायचे. आता ती परत त्याच जागेवर आली. भाजीवाल्याला २९ लाख हे ऐकल्यावर तिला समजवायचं कसं?

कर_सल्लागार_विश्रामबाग | २७ जुलै, सकाळी ८:२०

दोघांनाही उत्तर देतो. लांबेल, पण सगळं वाचा.

आधी मिरजेच्या दादांना. ताजी भाजी, फळं, सुटं दूध यांना जीएसटी नाही. आणि जो माणूस फक्त करमुक्त मालच विकतो त्याला नोंदणीची सक्तीच नाही, मग उलाढाल कितीही असो. तुमच्या आईला क्यूआर परत लावून द्या. उद्या समजा कागद आलाच, तर उत्तर एका ओळीचं आहे: मी ताजी भाजी विकते. सोबत मंडईची जागापावती आणि घाऊक बाजाराच्या पट्ट्या जोडायच्या. पट्ट्या टाकून देऊ नका, एका पिशवीत साठवा.

आता भडंगवाल्या ताई. तुमच्या प्रश्नातच एक चूक आहे आणि बहुतेक लोक हीच करतात. खात्यात जमा झालेली रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे. उलाढाल म्हणजे विक्री. त्या ४३ लाखांत विक्री किती, हे तुम्ही बसून काढायला हवं. सगळ्या नोंदी बघा. कुणाचे उसने आलेत का, घरातल्या कुणी पाठवलेत का, दुसरं काही आलंय का.

दुसरी बाजू पण ऐका. ४० लाखांची मर्यादा मालाच्या एकूण विक्रीला आहे, यूपीआयच्या विक्रीला नाही. रोखीची विक्री तिच्यात धरायची. करमुक्त माल, म्हणजे तुमचे सुटे चुरमुरे, तेसुद्धा मोजताना धरायचे. म्हणजे क्यूआर डब्यामागे ठेवल्यानं मर्यादा लांब जात नाही. विक्री तेवढीच राहते, फक्त तुमच्याकडचा पुरावा कमी होतो.

आणि एक विचारतो. दुकानाबाहेर बाकडी टाकून प्लेटमध्ये भेळ देता का? तसं असेल तर ते खानावळीसारखं सेवेत मोडतं आणि सेवेची मर्यादा २० लाख आहे.

भडंगवाली_सांगली | २७ जुलै, सकाळी ९:०५

नाही काका, बसायला जागाच नाही. सगळं बांधूनच देतो. आज रविवार आहे, दुपारी स्टेटमेंट घेऊन बसते. धन्यवाद, पप्पांना वाचून दाखवलं.

रोखठोक_कुपवाड | २७ जुलै, दुपारी १:३०

सल्लागार काकांचा मान राखून वेगळं बोलतो. माझं वर्कशॉप आहे, नोंदणी आहे, दर महिन्याला रिटर्न भरतो. माझं म्हणणं, छोट्या माणसाला हे सगळं झेपत नाही. आधी सरकारनंच सांगितलं डिजिटल घ्या. २०१६ च्या नोटाबंदीनंतर हातगाड्यांवर क्यूआर लागले. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला काही कट नाही म्हणून सगळ्यांनी विश्वासानं घेतलं. आणि आता त्याच नोंदी पुढे करून चार वर्षं मागे जायचं? तेव्हाच, पहिल्या वर्षीच, "तुमची विक्री मर्यादेजवळ आलीय, नोंदणी करा" असा एक मेसेज पाठवला असता तर कुणाचं काय बिघडलं असतं? आकडे तर तेव्हाही होतेच. चार वर्षं गप्प बसून मग व्याज-दंडासकट मागणं मला न्यायाचं वाटत नाही. म्हणून म्हणतो, झेपत नसेल त्यानं सरळ रोख घ्यावी.

निवृत्त_विक्रीकर | २७ जुलै, दुपारी ३:१०

मी विक्रीकर खात्यात नोकरी केली. विक्रीकर पाहिला, १ एप्रिल २००५ ला व्हॅट आला तो पाहिला, महापालिकेच्या एलबीटीवरून, म्हणजे स्थानिक संस्था करावरून, आपल्या सांगलीत व्यापारी रस्त्यावर उतरले तेही पाहिलं. कुपवाडकर म्हणतात ते मला अर्धं पटतं.

यूपीआय नव्हतं तेव्हा आम्ही विक्री कशी ठरवायचो ते सांगतो. फरसाणाच्या दुकानात गेलो की मागच्या बाजूला तेलाचे रिकामे डबे मोजायचे. महिन्याला इतके डबे, म्हणजे इतका माल तळला, म्हणजे इतकी विक्री. हॉटेलात खुर्च्या मोजायच्या, लाईटबिल बघायचं. दुकानदार म्हणायचा साहेब निम्मे डबे घरच्या लग्नाचे आहेत. कोण खरं, कोण खोटं? शेवटी जो जास्त बोलू शकतो त्याचा आकडा कमी व्हायचा आणि जो साधा होता तो भरायचा. पुढचं मी लिहीत नाही, तुम्हाला कळतं.

त्या पद्धतीपेक्षा बँकेची नोंद शंभर पटीनं बरी. पण एक अट आहे. नोंद दिसली की अधिकाऱ्यानं आधी विचारलं पाहिजे, मग आकडा लिहिला पाहिजे. मशीननं यादी काढली आणि सगळी जमा विक्री धरून मागणी पाठवली, तर ते डबे मोजण्यापेक्षा वाईट, कारण डबे मोजताना निदान आम्ही दुकानात उभे तरी असायचो.

आणि "छोटा दुकानदार कर भरत नाही" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. या ताईंच्या दुकानात तेल येतं त्यावर ५ टक्के, पिशव्यांवर १८ टक्के आधीच गेलेत. नोंदणी नसल्यामुळे त्यातला एक पैसा त्यांना परत मिळत नाही.

मिरजकर_नैरोबी | २७ जुलै, सायंकाळी ६:४५

मूळचा मिरजेचा, सात वर्षं केनियात आहे. धागा वाचून राहवलं नाही, कारण हेच सगळं मी इथे पाहिलंय.

केनियात एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं, आपल्या यूपीआयच्या नऊ वर्षं आधी. बँक खातं नसलेला माणूसही साध्या फोनवरून पैसे पाठवतो. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या बाईला इथे "ममा म्बोगा" म्हणतात, तिच्याकडेही चालतं. सरकारचं लक्ष जाणारच होतं. केनियानं कर लावला तो पाठवलेल्या रकमेवर नाही, कंपनी जी फी घेते त्या फीवर. २०१३ मध्ये १० टक्क्यांपासून सुरुवात झाली, आता १५ टक्के आहे. लोक कुरकुरतात, पण वापरतात.

शेजारच्या युगांडानं जुलै २०१८ मध्ये थेट रकमेवरच १ टक्का लावला. हजार पाठवा, दहा सरकारला. लोक चिडले, रोखीकडे वळले, आणि काही महिन्यांतच सरकारला तो अर्ध्या टक्क्यावर आणून फक्त पैसे काढण्यापुरता ठेवावा लागला. घानानं मे २०२२ मध्ये दीड टक्का लावला, ठरवलेलं उत्पन्न जवळपाससुद्धा आलं नाही, १ टक्क्यावर आणला आणि यंदा रद्दच केला. ब्राझीलची गोष्ट तर अगदी आपल्यासारखी. तिथे पिक्स नावाची यूपीआयसारखीच व्यवस्था आहे. कर खात्यानं मोठ्या रकमांची माहिती मागवायचा नियम केला आणि अफवा उठली की पिक्सवर कर येतोय. या जानेवारीत सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. नियम माहितीचा होता, कराचा नव्हता, पण लोकांना ते कुणी वेळेत समजावून सांगितलं नाही.

भारतात यूपीआयच्या रकमेवर कर नाही. एप्रिलमध्ये "दोन हजारांच्या वर जीएसटी" ही अफवा पसरली तेव्हा अर्थ मंत्रालयानं ती खोटी असल्याचं जाहीर केलं. ताई, पप्पांना हे दोन वेगळे करून सांगा. पैसे येण्यावर कर नाही. धंद्यावर आहे, आणि तो क्यूआर नसतानाही होता.

आणखी एक. इथे छोट्या दुकानदारांची अडचण हीच होती की घरचे पैसे आणि धंद्याचे पैसे एकाच फोनवर यायचे. मग "पोची ला बिआशारा" निघालं. स्वाहिलीत अर्थ, धंद्याचं पाकीट. नंबर तोच, पाकीट वेगळं. आपल्याकडे त्यासाठी दुसरं खातं काढावं लागतं, पण काढा. माझ्या मते सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे.

भडंगवाली_सांगली | २७ जुलै, रात्री ११:३०

मंडळी, दुपारी दोनपासून बसलो होतो. आता उठलो. काय सापडलं ते सांगते.

मम्मीची भिशी आहे. पंधरा बायका, महिना दोन हजार. सगळ्या दुकानात येतात तेव्हा क्यूआर स्कॅन करून देतात, आणि ज्या बाईचा नंबर लागतो तिला मम्मी गल्ल्यातून रोख देते. महिन्याला ३० हजार, वर्षाला ३ लाख ६० हजार. सगळे "विक्री" म्हणून दिसतायत!

दुसरं, जवळच्या खोल्यांवर राहणारी मुलं. रात्री एटीएम लांब पडतं म्हणून पाचशे स्कॅन करतात आणि पप्पा पाचशेची नोट देतात. माणुसकीनं, एक रुपया न घेता. स्टेटमेंटवर बरोबर पाचशे-पाचशेच्या ओळी रात्री नऊनंतरच्या. त्या मोजल्या, सुमारे १ लाख ९० हजार.

तिसरं, पत्रे बदलताना मामांनी उसने दिलेले ४ लाख. ते पण त्याच खात्यात.

४३ लाख १० हजारातून हे वजा केले तर ३३ लाख ६० हजार उरतात.

मग काका, तुम्ही म्हणालात तसं रोख किती, हा प्रश्न आला. पप्पा म्हणाले त्याचा हिशेबच नाही. तेवढ्यात मम्मी आत गेली आणि मागच्या वर्षीचं कॅलेंडर घेऊन आली. प्रत्येक तारखेच्या चौकोनात, दुधाच्या खुणेखाली, तिनं पेन्सिलीनं त्या रात्रीचा रोख गल्ला लिहिलाय. १४२०. १६५०. अमावास्येला ७८०. गणपतीच्या आदल्या दिवशी ६१००. आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. जानेवारी ते मार्चसाठी यंदाचं कॅलेंडर भिंतीवरून काढलं. पुराच्या भीतीनं एक दिवस दुकान बंद ठेवलं, तिथे नुसती रेघ. मी एकेक आकडा वाचला, पप्पांनी कॅल्क्युलेटर दाबला. ५ लाख २२ हजार.

एकूण विक्री ३८ लाख ८२ हजार. म्हणजे मागच्या वर्षी आम्ही मर्यादेच्या आत होतो. थोडक्यात, पण आत. पप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मारुती_रोड_कापड | २८ जुलै, सकाळी ७:५०

ताई, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

२०१९ च्या महापुरात आमच्या दुकानात छताला हात लागेल एवढं पाणी होतं. वीस वर्षांच्या वह्या कपाटात होत्या. पाणी ओसरल्यावर कपाट उघडलं तर पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला, शाई धुऊन गेलेली. विम्यासाठी आणि कर्जासाठी सगळे विचारत होते, धंदा किती होता दाखवा. दाखवायला राहिलं होतं काय? बँकेतल्या नोंदी. कार्डाचे, यूपीआयचे जेवढे पैसे खात्यात आले होते तेवढाच आमचा धंदा कागदावर उरला. रोखीत केलेला धंदा कृष्णामाईबरोबर गेला. तेव्हापासून मी क्यूआर कधी काढला नाही आणि काढणार नाही.

कर_सल्लागार_विश्रामबाग | २८ जुलै, सकाळी ८:४०

ताई, छान केलंत. ते कॅलेंडर जपून ठेवा, फोटो काढून ठेवा. भिशीतल्या बायकांची नावं आणि नंबर एका कागदावर लिहून ठेवा. मामांची रक्कम त्यांच्या खात्यातून आली असेल तर तेच पुरे.

आता पुढचं बघा. २०२५-२६ चालू आहे. एप्रिलपासूनची विक्री याच पद्धतीनं काढा. गेल्या वर्षी ३८.८२ होती, म्हणजे या वर्षी गणपती-दिवाळी धरून तुम्ही ४० च्या वर जाऊ शकता. ज्या दिवशी ओलांडाल त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. इथे लोक चुकतात आणि हेच महाग पडतं, म्हणून सविस्तर लिहितो.

दीड कोटीपर्यंतच्या दुकानदाराला कंपोझिशन योजना आहे. माल विकणाऱ्याला किंवा तुमच्यासारखा स्वतः बनवून विकणाऱ्याला १ टक्का. तीन महिन्यांनी एक छोटं विवरण, वर्षातून एक रिटर्न. गिऱ्हाइकाकडून कर वेगळा मागायचा नाही, बिलावर तसं लिहायचं, आणि राज्याबाहेर माल पाठवायचा नाही. ४० लाखांवर वर्षाला ४० हजार, महिन्याला साधारण ३,३०० रुपये, ते तुमच्या नफ्यातून जाणार. खोटं सांगत नाही, जाणारच.

पण तुम्ही ओलांडल्यावर वर्षभर गप्प बसलात आणि मग पकडलं गेलात, तर त्या मधल्या काळाला कंपोझिशन मिळत नाही. त्या काळाला पूर्ण दर लागतो, पाकिटबंद भडंगाला आज १२ टक्के, वर व्याज आणि दंड. गिऱ्हाइकाकडून तो घेतलेला नसतो. कर्नाटकातले आकडे एवढे फुगले त्यामागे हे एक मोठं कारण. वेळेत १ टक्का, उशिरा १२. पप्पांना एवढंच सांगा.

प्राप्तिकराची भीती असेल तर तीही काढून टाका. छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६. तुमचे ३३ लाख ६० हजारांचे ६ टक्के म्हणजे २ लाख १ हजार ६००. रोखीचे ८ टक्के ४१ हजार ७६०. मिळून २ लाख ४३ हजार ३६०. खरा नफा याहून जास्त असेल तर तो दाखवायचा. तरी दुसरं उत्पन्न नसेल आणि खरा नफाही ७ लाखांच्या आत असेल, तर नव्या पद्धतीत मागच्या वर्षाचा कर शून्य येतो. रिटर्न मात्र भरा, यंदा १५ सप्टेंबरपर्यंत मुदत आहे. आणि बघा, क्यूआरनं घेतलेल्या पैशावर सरकार कमी नफा धरतंय. क्यूआर काढला तर उलट तुमचं उत्पन्न कागदावर वाढेल.

बेदाणा_तासगाव | २८ जुलै, दुपारी १२:१०

बागायतदारांसाठी पण लिहा काहीतरी काका. सौद्यात माल गेला की एका दिवसात आठ-दहा लाख आरटीजीएसनं येतात. गावात कुणीतरी सांगितलं बेदाण्याला जीएसटी भरावा लागतो, म्हणून दोघातिघांनी अडत्याकडून रोख मागितली.

कर_सल्लागार_विश्रामबाग | २८ जुलै, दुपारी १:००

रोख अजिबात नको. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्या रकमेचा दंड आहे. आणि बेदाण्याचं उत्तर स्पष्ट आहे: २१ डिसेंबर २०२४ ला जैसलमेरच्या जीएसटी परिषदेत खुलासा झालाय की शेतकऱ्यानं स्वतःचा बेदाणा विकला तर त्यावर जीएसटी नाही. व्यापाऱ्यानं पुढे विकला तर आहे. सौदापट्टी आणि सातबारा एकत्र ठेवा, बस.

पलूसची_सून | २८ जुलै, रात्री ९:२५

विषय कराचाच आहे म्हणून माझा अनुभव लिहिते. आमच्या गावात घरपट्टी-पाणीपट्टीसाठी क्यूआर लावला. चांगली गोष्ट, मी लगेच १,८४० रुपये भरले. मार्चमध्ये दाखला काढायला गेले तर थकबाकी! पैसे खात्यात पोचले होते, पण नमुना ९ च्या मागणी नोंदवहीत माझ्या नावापुढे चढवलेच नव्हते, कारण स्कॅन करताना घर नंबर विचारतच नाही. कुणाचे पैसे आले ते कळायला मार्ग नाही. तीन फेऱ्या मारल्या, स्क्रीनशॉटची छापील प्रत दिली, तेव्हा नमुना १० ची पावती हातात पडली. माझ्या सासूबाई म्हणाल्या, वसुलीवाला दारात यायचा तेव्हा जागेवर पावती फाडायचा, तेच बरं होतं. त्यांना काय उत्तर देऊ? पैसे घेणं सोपं केलं, तसं पावती देणं पण सोपं करा ना.

निवृत्त_विक्रीकर | २८ जुलै, रात्री १०:००

सूनबाई, अगदी बरोबर बोललात. ज्याचे पैसे त्याच्या नावावर त्याच दिवशी चढले पाहिजेत. क्यूआर प्रत्येक घराच्या मागणी बिलावर वेगळा छापता येतो, त्यात घर नंबर आणि रक्कम आधीच भरलेली असते. लाईटबिलावर असतो तसा. पुढच्या ग्रामसभेत हा मुद्दा लेखी मांडा आणि ठरावात घ्यायला लावा. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

रोखठोक_कुपवाड | २९ जुलै, सकाळी ७:१५

भडंगवाल्या ताईंचा हिशेब वाचला. परवा "सरळ रोख घ्या" म्हणालो ते मागे घेतो. पण चार वर्षं गप्प बसण्याबद्दल बोललो ते मागे घेत नाही. खात्याकडे आकडे असतील तर पहिल्या वर्षीच कळवायची जबाबदारी त्यांची आहे.

निवृत्त_विक्रीकर | २९ जुलै, सकाळी ७:४०

त्याला माझा पूर्ण पाठिंबा.

भडंगवाली_सांगली | ३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:१०

क्यूआर परत काउंटरवर आला. पप्पांनी स्वतः वायर जोडली.

भिशी आता मम्मीच्या स्वतःच्या खात्यावर. मुलांना रोख देणं बंद करायला पप्पा तयार नाहीत, म्हणतात रात्री-बेरात्री त्यांना कोण देणार. म्हणून त्यासाठी पप्पांच्या घरखात्याचा वेगळा क्यूआर ड्रॉवरमध्ये ठेवलाय. एप्रिल ते जुलैची विक्री १४ लाख १० हजार निघाली. ओलांडायची वाट न बघता आधीच नोंदणी करावी असं मला वाटतं, पप्पांना दिवाळीपर्यंत थांबायचंय. वाद चालू आहे.

मिरजकर_नैरोबी | २४ सप्टेंबर २०२५, सायंकाळी ५:३०

ताई, २२ तारखेपासून दर बदलले. पाकिटबंद नमकीन १२ वरून ५ वर आलं. तुमच्यावर काही परिणाम? आणि नोंदणीचं काय ठरलं?

कर_सल्लागार_विश्रामबाग | २४ सप्टेंबर, रात्री ८:१५

कंपोझिशनमध्ये जाणाऱ्याला थेट फरक नाही, तिथे १ टक्काच. पण उद्या त्यांना पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना पाकिटं द्यायची झाली, तर समोरच्याला कराचं बिल लागतं, तेव्हा नेहमीच्या नोंदणीत ५ टक्के हा दर परवडणारा आहे. राज्याबाहेर, म्हणजे अगदी अथणी-विजापूरला माल पाठवायचा तरी नेहमीचीच नोंदणी लागेल. हा विचार नोंदणीच्या आधी करा.

भडंगवाली_सांगली | २२ ऑक्टोबर २०२५, दुपारी ३:५०

उशिरा लिहितेय, दिवाळीच्या ऑर्डरीत मान वर करायला वेळ नव्हता.

नोंदणी झाली, सप्टेंबरच्या शेवटी अर्ज केला. कंपोझिशनच घेतली. विजापूरचं एक गिऱ्हाईक सोडावं लागलं, त्याचं वाईट वाटलं, पण सध्या तिमाहीचा एकच कागद आम्हाला झेपेल.

दरवर्षी लक्ष्मीपूजनाला पप्पा एक लाल वही आणतात, पहिल्या पानावर स्वस्तिक आणि शुभ-लाभ लिहितात, हळदकुंकू वाहतात. मग ती वही कपाटात जाते ती पुढच्या दिवाळीला निघते, कोरीच. काल पूजा झाल्यावर मम्मीनं ती मागून घेतली. आज सकाळी बघितलं तर दुसऱ्या पानावर तिनं पट्टीनं तीन रकाने आखलेत: क्यूआर, रोख, घरचे. कालची तारीख टाकून आकडे लिहिलेत, आणि या वेळी पेन्सिलीनं नाही, पेनानं.

मिरज_मंडई | २२ ऑक्टोबर, रात्री ९:३५

ताई, वाचून बरं वाटलं. आईनं पण दसऱ्याला नवा क्यूआर लावून घेतला. काल गर्दी होती, दिवसभर तो आवाज येत होता. काका, शेवटचं एकदा विचारतो, तिला सांगायचंय म्हणून. ती आता झेंडूची फुलं आणि केळीचे खुंट पण ठेवते. त्याला पण लागत नाही ना?

कर_सल्लागार_विश्रामबाग | २२ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताज्या फुलांना आणि खुंटांनाही नाही. निर्धास्त विकू द्या.